पर्यटकाला पाठीमागे काय म्हणतात

पर्यटकाला तोंडावर मिळणारी नावं गोड असतात. रिक्षावाला 'साहेब' म्हणतो, हॉटेलात 'सर-मॅडम' होतं, घाटावरचे गुरुजी 'यजमान' अशी हाक मारतात. पण ज्या गावांचं पोट पाहुण्यांवर चालतं, तिथे त्याच माणसासाठी आणखी एक नाव असतं. तो कोपऱ्यावरून वळला की गल्ल्यावरचा माणूस ते हळूच उच्चारतो आणि शेजारचा हसतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, हे नाव 'मुंगी' आहे. अमेरिकेत मिशिगनच्या उत्तर भागात ते एका मिठाईवरून पडलंय. स्पेनमधल्या नावाचं मूळ एका यादवी युद्धापर्यंत जातं.

अशी नावं का पडतात, काही गावांत ती का पडत नाहीत आणि ऐकून राग किती मानावा, हे पाहू. विषय भाषेचा वाटतो, पण निम्मा पैशाचा आहे.

इंदूरच्या मराठी माणसाला तर तो घरचाच. उत्तरेला उज्जैन, दक्षिणेला ओंकारेश्वर, तिथून महेश्वरचा घाट, आणखी पुढे मांडू. महाराष्ट्रातून निघालेल्या मंडळींचा हा फेरा ठरलेला, आणि मुक्काम इंदुरात आत्याकडे, राजेंद्रनगरात नाहीतर रामबागेत. रात्री सगळ्यांना सराफ्यात न्यायचं. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. तिथे बाहेरचा माणूस ओळखायला फार वेळ लागत नाही. घसा कोरडा पडला म्हणून तो शिकंजी मागतो. त्याच्या मनात लिंबाचं सरबत असतं, हातात येते ती आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली, चमच्याने खावी अशी इंदुरी शिकंजी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोह्यांवर खोबरं शोधतो आणि त्याला शेव आणि जीरावन मसाला सापडतो.

"बाहर के हैं, भिया," एवढंच ठेलेवाला शेजारच्याला म्हणतो. इंदूर याच्या फारसं पुढे गेलेलं नाही. घरात आम्ही 'तिकडचे' म्हणतो. 'तिकडचे आलेत, चार दिवस कणीक जास्त भिजवा.' आणि आम्ही तिकडे गेलो की 'इंदूरकडचे' होतो, त्यामुळे हिशेब फिटतो.

'बाहर के' किंवा 'तिकडचे' ही टोपणनावाची पहिली पायरी. यात फक्त दिशा असते, मत नसतं. जगात पुष्कळ गावं या पायरीवर आहेत. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन राज्यात बाहेरून आलेला माणूस 'फ्रॉम अवे' असतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर तो 'कम फ्रॉम अवे' होतो. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅनवर त्याला 'कमओव्हर' म्हणतात, म्हणजे पाणी ओलांडून आलेला. व्हेनिसचे लोक 'फोरेस्ती' म्हणतात, गोव्यात कोकणीत 'भायले'. हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांत सपाट मुलखातून आलेला तो 'देसी', आणि दिल्लीहून आलेला माणूस स्वतःला अभिमानाने देसी म्हणवतो तेव्हा डोंगरातल्या लोकांना त्यात वेगळीच मजा ऐकू येते.

या यादीत बेटं आणि डोंगर किती आहेत पाहा. बेटावर आतला कोण आणि बाहेरचा कोण हे धक्क्यावर बोट लागतानाच कळतं. डोंगरात ते घाट चढताना कळतं. सीमा इतकी स्पष्ट असली की शब्द लवकर तयार होतो आणि टिकतो. आपल्याकडचा 'घाटी' याच जातीचा. कोकणातल्या, मुंबईतल्या माणसाने घाटावरच्याला दिलेलं हे नाव मुळात फक्त भूगोल सांगत होतं. पुढे त्यात तुच्छता मिसळली आणि आज ते कुणाच्या तोंडून येतं त्यावर भांडण होईल की नाही हे ठरतं.

दिशेनंतर पत्ता येतो. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या लोकांना इतर ठिकाणचे 'शून्य-आठ' म्हणतात, कारण राजधानीचा टेलिफोन कोड ०८. इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर 'डीएफएल' हे नाव चालतं, त्याचा अर्थ 'लंडनहून खाली उतरलेले'. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या समुद्रावर सुट्टीला येणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांना 'व्हाली' म्हणतात. जुन्या ट्रान्सव्हाल प्रांतावरून हे नाव पडलं. प्रांत नकाशावरून गेला, नाव राहिलं. आपल्याकडे हे काम गाडीची नंबरप्लेट करते. एमएच-१२ दिसली की पार्किंगवाल्याला बाकी काही विचारावं लागत नाही, आणि एमपी-०९ घेऊन आम्ही महाबळेश्वरला गेलो की त्यालाही लागत नाही.

खरी मजा पुढे आहे. माणसाच्या एखाद्या सवयीवरून नाव पडतं तेव्हा ते नाव पाहुण्याइतकंच नाव ठेवणाऱ्याबद्दलही सांगतं.

खाण्याचंच घ्या. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात दक्षिणेकडच्या समुद्रकाठी दिवसभरापुरते येणारे लोक 'शूबी' म्हणून ओळखले जातात. पूर्वी फिलाडेल्फियाहून आगगाडीने येताना ते जेवण बुटांच्या रिकाम्या खोक्यात बांधून आणत, असं सांगतात. खोकं म्हणजे 'शू-बॉक्स', त्यावरून शूबी. तिथून हजारो मैलांवर ब्राझीलमध्ये हाच प्रकार. किनाऱ्यावर घरचा डबा घेऊन येणाऱ्या गर्दीला तिथे 'फारोफेइरो' म्हणतात. फारोफा हे कसाव्याच्या भाजलेल्या पिठाचं साधं, स्वस्त खाणं. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी तक्रार एकच आहे: आला, वाळूत बसला, घरचं खाल्लं, कचरा केला आणि गेला; गल्ल्यात काही पडलं नाही. थेपले आणि खाकरे घेऊन जगभर फिरणाऱ्या गुजराती मंडळींवरचे विनोद आपण सगळ्यांनी केलेत. त्या विनोदातही एका हॉटेलवाल्याचा सुस्कारा दडलेला असतो.

आता याच्या उलट उदाहरण. मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावर आणि आसपास फज नावाची वडीसारखी मिठाई बनवणारी दुकानं भरपूर. येणारा प्रत्येक जण एक डबा घेऊन जातो, म्हणून पर्यटक 'फजी' झाला. हा शब्द थट्टेचा आहे, पण शूबीइतका बोचरा नाही. कारण उघड आहे: फजी खरेदी करतो. त्याच राज्यात मॅकिनॉ सामुद्रधुनीवरचा प्रचंड पूल १९५७ साली खुला झाला, आणि पुलाच्या वरच्या बाजूला राहणाऱ्यांनी खालच्या बाजूच्या सगळ्यांना 'ट्रोल' हे नाव देऊन टाकलं. युरोपातल्या लोककथांत ट्रोल हा राक्षस पुलाखाली राहतो. नकाशा पाहिला की विनोद कळतो. अर्ध्याहून जास्त राज्याला एका दमात राक्षस ठरवणं मला तरी आवडलं.

काही ठिकाणी पाहुण्याच्या तोंडचं वाक्यच त्याला चिकटतं. कॅटलोनियात, बार्सिलोनापासून दूरच्या डोंगराळ आणि समुद्रकाठच्या भागात, शहरातून आलेल्यांना 'कामाको' म्हणतात. शहरातला माणूस गाडीतून उतरतो, समोर दरी किंवा जुनं घर पाहतो आणि म्हणतो, 'के माको!', म्हणजे 'किती छान!' गावकऱ्याला त्या दरीत शेळ्या चारायच्या असतात. दर रविवारी तेच 'किती छान' ऐकून कान किटले आणि नाव पडलं.

याहून चांगलं उदाहरण आपल्या देशातलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पूर्वार्धात कलकत्त्याची सुखवस्तू बंगाली कुटुंबं थंडीच्या दिवसांत 'पश्चिमेला' जात. पश्चिम म्हणजे मधुपूर, गिरिडीह, शिमुलतला, देवघर, आजच्या झारखंड-बिहारमधली गावं. तिथलं पाणी पचनाला चांगलं, हवा कोरडी. डॉक्टरही हवापालटाचा सल्ला देत. कित्येकांनी तिथे बंगले बांधले. या पाहुण्यांचं एक नाव 'चेंजर', हवा बदलायला आलेले. दुसरं नाव मात्र बाजारातून आलं. बाबू मंडईत जायचे, अंडी, कोंबडी, भाजी यांचे भाव विचारायचे आणि कलकत्त्याच्या मानाने ते इतके कमी असायचे की तोंडून इंग्रजी उद्गार निघायचा, 'डॅम चीप!' विक्रेत्यांना त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं, पण आवाज पाठ झाला. 'डॅम चीप' चं 'डॅन्ची' झालं आणि बाबू 'डॅन्ची बाबू' झाले.

या एका शब्दात पर्यटनाचं अर्थशास्त्र मावलंय. बाबूला जे स्वस्त वाटतं तोच शेजारच्या गावकऱ्याचा रोजचा भाव आहे. मंडईत उभं राहून कुणी मोठ्याने 'किती स्वस्त!' म्हणालं की पुढच्या आठवड्यात भाव कुठे जातो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बाबू सुट्टी संपवून कलकत्त्याला परततो, वाढलेला भाव मात्र गावात राहतो. डॅन्ची या शब्दात म्हणूनच थट्टा आहे आणि थोडी चीडही आहे. आज डोंगरातल्या, समुद्रकाठच्या गावांत शहरातले लोक दुसरं घर घेतात आणि स्थानिकांना भाडं परवडेनासं होतं, ती तक्रार या शब्दात शंभर वर्षांपूर्वीच आलेली आहे.

झुंडीवरून पडलेली नावंही आहेत. कॉर्नवॉलचा 'एमेट' म्हणजे मुंगी. उन्हाळ्यात रस्त्यांवर रांगा लावून येतात, लाल होतात आणि सगळीकडे शिरतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी 'दोरिफोर' म्हणतात, तो बटाट्याचं पीक फस्त करणारा किडा. ऋतूवरून पडलेली नावं त्या मानाने सौम्य: फ्रान्समध्ये जुलैत सुट्टी घेणारे वेगळे आणि ऑगस्टमध्ये घेणारे वेगळे, दोघांना वेगवेगळी नावं. फ्लोरिडात थंडी चुकवायला उत्तरेकडून उतरणारे म्हातारे 'स्नोबर्ड', म्हणजे हिवाळी पाखरं.

आता जरा सावध व्हायला हवं. अशा प्रत्येक शब्दामागे एक झकास गोष्ट सांगितली जाते आणि तीच बहुतेक वेळा लटकी असते.

न्यू जर्सीच्याच उत्तरेकडच्या किनाऱ्यावर पर्यटकाला 'बेनी' म्हणतात. विचारलं तर कुणीही सांगेल की बेयॉन, एलिझाबेथ, न्यूअर्क आणि न्यूयॉर्क या चार ठिकाणांची आद्याक्षरं जोडून तो झाला. ऐकायला पटतं, कारण पाहुणे खरोखर तिथूनच येतात. दुसरा सांगेल की शंभर डॉलरच्या नोटेवरच्या बेंजामिन फ्रँकलिनवरून पडलं, कारण पाहुणे नोटा उधळतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आद्याक्षरांची व्युत्पत्ती दिसली की भाषेचे अभ्यासक आधी संशय घेतात. बाजारातले शब्द कानावर तयार होतात. अक्षरं जोडून शब्द बनवणं हे कागदावरचं काम. 'डीएफएल' सारखा शब्द अक्षरांसकटच उच्चारला जातो म्हणून तो वेगळा. बाकी ठिकाणी शब्द आधी रुळतो आणि कुणीतरी हुशार माणूस नंतर त्यात अक्षरं शोधतो.

'एमेट' चंही असंच. कॉर्नवॉलमध्ये तो अस्सल कॉर्निश शब्द आहे असं पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. प्रत्यक्षात तो जुन्या इंग्रजीतला. कॉर्निश भाषेत मुंगीला 'मुर्यन' सारखा वेगळाच शब्द आहे. म्हणजे इंग्रजांना हिणवायला जो शब्द वापरला तो इंग्रजांचाच निघाला. शेजारच्या डेव्हनमध्ये 'ग्रॉकल' म्हणतात. हा शब्द १९६४ च्या एका चित्रपटामुळे देशभर पोचला. तो मूळ कुठला, यावर मात्र गप्पा रंगतात.

स्पेनच्या 'गिरी' ची गोष्ट याला अपवाद ठरावी इतकी भक्कम आहे. स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या कोशातच ती नोंदलेली आहे. १८३३ साली स्पेनमध्ये गादीवरून युद्ध पेटलं. एका बाजूला कार्लोसचे पाठीराखे, दुसऱ्या बाजूला राज्यकारभार पाहणाऱ्या राणी मारिया क्रिस्तिनाचे, त्यांना 'क्रिस्तिनो' म्हणत. उत्तरेतल्या बास्क लोकांच्या तोंडात त्याचा उच्चार 'गिरिस्तिनो' झाला आणि पुढे नुसतं 'गिरी' उरलं. शत्रूच्या सैनिकाचं नाव पुढे कधीतरी, पायमोज्यांवर सँडल घालून उन्हात भाजून निघालेल्या उत्तर युरोपीय पर्यटकाला लागलं. कॉर्सिका बेटावरचा 'पिन्झुतू' हा शब्द याच वाटेने आला. मुख्य भूमीवरच्या फ्रेंचांना दिलेल्या या नावाचा अर्थ 'टोकदार', आणि त्याचं मूळ अठराव्या शतकात बेटावर उतरलेल्या फ्रेंच सैनिकांच्या तिकोनी टोप्यांत सांगितलं जातं.

आधी सैनिक, मग पर्यटक, आणि दोघांना एकच शब्द. आपला 'फिरंगी' आठवा. फ्रँक या युरोपीय टोळीचं नाव अरबी-फारशीतून पूर्वेकडे आलं. आपल्याकडे त्याचा फिरंगी झाला आणि युरोपी पात्याच्या सरळ तलवारीलाही आपण 'फिरंग' म्हणू लागलो. थायलंडमध्ये त्याचा 'फरांग' झाला, आणि आज बँकॉकच्या रस्त्यावर गोऱ्या पर्यटकाला तेच म्हणतात. पेरूलाही तिथे फरांगच म्हणतात. गोरा पाहुणा पेरू खाताना दिसला की तिथली मुलं काय विनोद करत असतील ते सांगायला नको.

आता 'का' हा प्रश्न. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन याने १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर राहून निरीक्षणं केली. तिथल्या एका छोट्या हॉटेलात त्याला दिसलं की जेवणघरात पाहुण्यांसमोर अदबीने वागणारे लोक स्वयंपाकघराचं दार ओलांडलं की वेगळे होतात. भाषा बदलते, नकला सुरू होतात. त्याने याला रंगमंच आणि विंग अशी जोडी वापरली. पर्यटकाचं टोपणनाव हा विंगेतला शब्द आहे. पाहुण्यावर पोट चालतं म्हणून त्याला तोंडावर काही म्हणता येत नाही. त्याच्या मागे म्हणता आलं की दिवसभर हसून दुखलेला जबडा जरा सैल होतो. इथे अपमान करण्यापेक्षा 'आपण एका बाजूचे' ही खूण पटवणं जास्त महत्त्वाचं असतं. मराठीत याला लागून असलेला एक वाक्प्रचार आहे: एखाद्याचं 'गिऱ्हाईक करणं'. दुकानात गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि कट्ट्यावर तेच गिऱ्हाईक म्हणजे सगळ्यांनी मिळून ज्याची खेचायची तो.

विंगेतला शब्द किती कडवट होईल हे गर्दीवर ठरतं. जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ साली बार्बाडोस आणि कॅनडातलं नायगरा-ऑन-द-लेक हे गाव पाहून चार पायऱ्या मांडल्या. पर्यटक नवीन असतात तेव्हा गाव खूश असतं. मग त्यांची सवय होते आणि ते फक्त धंदा उरतात. मग चीड येते. शेवटी उघड वैर. आपल्या आज्यांनी हेच तीन दिवसांत बसवलं होतं: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. डॉक्सीची शिडी उपयोगी आहे, पण मला ती जरा जास्तच सरळ वाटते. अख्खं गाव एकाच पायरीवर कधीच उभं नसतं. व्हेनिसमध्ये गोंडोलावाला पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल आणि भाड्याच्या घरातून बाहेर पडावं लागलेली बाई चौथ्या. जुन्या व्हेनिसची वस्ती २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली. २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून शहर पाच युरो प्रवेशशुल्क घेऊ लागलं. त्याच वर्षीच्या जुलैत बार्सिलोनात मोर्चातल्या लोकांनी रस्त्याकडेला जेवणाऱ्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. तिथे 'गिरी' हा शब्द विंगेतून रंगमंचावर आला होता.

मग इंदूर 'बाहर के' वरच का थांबलं? माझ्या मते सराफ्यातली गर्दी पाहिली की उत्तर मिळतं. रात्री अकरा वाजता तिथे खाणाऱ्यांत बहुतेक इंदुरीच असतात. पाहुणा त्या गर्दीत भर घालतो, तिला हटवत नाही, आणि त्याच्यासाठी भुट्ट्याच्या किसाचा भावही बदलत नाही.

तीर्थक्षेत्रांचं कारण वेगळं आणि जास्त खोल आहे. तिथे तर शतकानुशतकं बाहेरच्यांवरच गाव चालतं, तरी यात्रेकरूला बोचरं नाव पडलेलं क्वचित ऐकू येतं. काशीला, गयेला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांच्या हातची नोंद निघते. तिथे तुम्ही 'यजमान' असता, आणि यजमान हे नातं आहे. गुरुजींच्या आजोबांनी तुमच्या आजोबांचं श्राद्ध चालवलेलं असतं, तुमचा नातू त्यांच्या नातवाकडे येणार हेही गृहीत असतं. दक्षिणेवरून घासाघीस होते, भांडणंही होतात, पण माणूस निनावी नसतो. पर्यटक निनावी असतो. एकदाच येतो, परत भेटणार नसतो, आणि आज तो गेला की उद्या त्याच्याच सारखा दुसरा येतो. टोपणनाव त्या सगळ्यांना मिळून दिलेलं असतं.

म्हणून उज्जैनकडे लक्ष ठेवण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिराभोवतीचा 'महाकाल लोक' हा नवा परिसर खुला झाला आणि गर्दीचा नूर बदलला. खूप जण सकाळी इंदूरला उतरतात, मोबाइलवर काढलेल्या पासवर दर्शन घेतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत फिरतात. वही, गुरुजी, मुक्काम यांतलं काही मधे येत नाही. रिक्षावाल्यांसाठी अजून ते सगळे 'सवारी' च आहेत. उज्जैनमध्ये या शब्दाला एक वेगळीच शान आहे, कारण श्रावणातल्या सोमवारी निघणारी महाकालाची मिरवणूक, तीही 'सवारी' च. पुढच्या काही वर्षांत तिथे एखादं चुरचुरीत नाव जन्माला आलं तर मला नवल वाटणार नाही.

राहिला रागाचा प्रश्न. शब्दाचा कोशातला अर्थ इथे फारसं काही सांगत नाही. पूर्व आफ्रिकेतला 'म्झुंगू' हा गोल गोल फिरण्याच्या धातूवरून आलेला, म्हणजे भटक्या. रस्त्यावरची पोरं तो आनंदाने ओरडतात. हवाईतला 'हाओले' मुळात नुसता परका. आज त्याचा अर्थ गोरा माणूस असा झालाय, आणि तो प्रेमाने म्हटला की रागाने हे आवाजावर आणि आगेमागे जोडलेल्या विशेषणावर ठरतं. बार्सिलोनात वर्षानुवर्षं राहणारे परदेशी स्वतःलाच हसत 'गिरी' म्हणवतात. तोच शब्द बंद दाराआड मित्राने म्हणणं आणि भिंतीवर रंगवलेला दिसणं यांत फार अंतर आहे.

शब्द तोच राहून त्याची किंमत बदलते, याचं ताजं उदाहरण कोकणातलं. गणपतीला, शिमग्याला मुंबईहून गावी येणारा तो 'चाकरमानी'. पोस्टाने पैसे पाठवणारा, येताना पिशव्या भरून आणणारा. गावात या शब्दाला मान होता, थोडी थट्टाही होती. पुढे काहींना त्यातली 'चाकरी' खटकू लागली. २०२५ साली उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरकारी कागदांत 'चाकरमानी' ऐवजी 'कोकणवासी' लिहावं अशी सूचना दिली. कागद बदलेल. गणपतीच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडवर उभा असलेला काका काय म्हणेल, ते परिपत्रकाच्या हातात नाही.

आणि आपणही कुणाच्या तरी विंगेतले शब्द होतोच. माळव्यात आणि गुजरातेत मराठी माणसाला 'दक्षिणी' म्हणायची जुनी रीत. त्यात दिशेपलीकडे काही नव्हतं. बंगालमध्ये मात्र १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचं सैन्य शिरलं आणि 'बारगीर' या आपल्या साध्या लष्करी शब्दाचा तिथे 'बर्गी' झाला. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर स्वारी करणारा शिपाई. बंगालमध्ये आजही बाळांना झोपवायला बर्गी आल्याची भीती घालतात. आपण पर्यटक म्हणून गेलो नव्हतो, हे खरं.

पाहुण्याला खरा फटका बसतो तो शब्दाचा नाही, भावाचा. हवाईत हॉटेलं आणि दुकानं स्थानिकांना 'कामाआइना' दर देतात. कामाआइना म्हणजे त्या मातीचं लेकरू, आणि दर मिळायला तिथला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. हे उघडपणे चालतं, त्यामुळे फारसं कुणाला लागत नाही. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या तिकीटखिडकीवर, मांडूलासुद्धा, भारतीयाचा दर वेगळा आणि परदेशी माणसाचा त्याच्या कितीतरी पट. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या दोन गटांतल्या नागरिकांना मात्र भारतीय दर लागतो. थायलंड बिमस्टेकमध्ये आहे, म्हणजे थाई पर्यटक मांडू आपल्याच भावात पाहतो. आपण थायलंडला गेलो तर तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाचा चढा दर भरायचा. काही ठिकाणी पाटीवर परदेश्यांचा दर आपल्या ओळखीच्या इंग्रजी अंकांत असतो आणि स्थानिकांचा थाई अंकांत, म्हणजे फरक बाहेरच्याच्या लक्षातच येऊ नये. ते थाई अंक आपल्या देवनागरी अंकांच्याच दूरच्या कुळातले. जाण्याआधी शून्य ते नऊ पाठ करून ठेवायला अर्धा तास पुरतो. दर बदलणार नाही, पण पाटीवर दुसरं काय लिहिलंय ते वाचता येईल.